चिठ्ठी कुणाच्या नावाची?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते वकीलसाहेब खटल्याचे कागद हाती आले की आधी फिर्याद वाचत नसत आणि दोषारोपपत्रही वाचत नसत. ते नावं वाचत. पंच कोण, साक्षीदार कोण, राहतात कुठे, कुणाच्या उठण्याबसण्यातले. मग बाकीचे कागद. आजचा विषय मी त्यांच्या या सवयीवरूनच घेतला आहे. न्यायनिवाड्याच्या कामी राज्यसंस्था सामान्य माणसाला बोलावते, तेव्हा ते बोलावणं कुणाच्या दारी जातं? कोणत्या यादीतून, कोणत्या रीतीने? ज्युरीची पद्धत चांगली की वाईट, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं आहे. ज्युरी बसण्याआधी तिची यादी तयार होते, आणि माझ्या मते बरीचशी गोष्ट तिथेच ठरून जाते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर लोकमान्यांच्या शब्दांची पाटी आहे. १९५६ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेव्हाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी ती लावली. माणसाहून वरच्या शक्तीच्या हाती राष्ट्राचं भवितव्य असतं, हा त्यातला भाग आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या उद्गाराची सुरुवात ज्युरीपासून होते. ज्युरीने दोषी म्हटलं असलं तरी मी निर्दोष आहे, असं टिळक आधी म्हणाले आणि मग पुढचं म्हणाले. २२ जुलै १९०८ची ती रात्र. नऊ जणांच्या ज्युरीने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला होता. सात युरोपियन, दोन पारशी. सातांनी दोषी ठरवलं, दोघांनी नाही. न्यायमूर्ती दिनशा दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. पुढे मंडाले. सगळं आपल्याला ठाऊक आहे. मात्र ते नऊ जण तिथे आले कसे, हे आपण फारसं विचारत नाही.

ते आले १८९८च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडातून. हा कोड वाचताना मला नेहमी वाटतं की सोडत किती प्रामाणिक होती आणि यादी किती अप्रामाणिक! हायकोर्टातला खटला असेल तर ज्युरी नऊ जणांची. बोलावलेल्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची, एकेक नाव मोठ्याने पुकारायचं, हरकत आहे का असं आरोपीला विचारायचं. कारण न देता आठ नावं आरोपी नाकारू शकत असे आणि आठ सरकार पक्ष. सगळं उघड्या कोर्टात. इथवर बोट ठेवायला जागा नाही. पण चिठ्ठ्या ज्यांच्या नावाच्या होत्या, ती यादी दरवर्षी क्लार्क ऑफ द क्राउन हा अधिकारी तयार करी. साधी ज्युरी आणि खास ज्युरी अशा दोन याद्या असत. खास ज्युरीत कुणाला घ्यायचं ते ठरवताना माणसाची मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहावं, असं कायदाच सांगत होता. शिवाय खास यादीत किती नावं असावीत याला वरची मर्यादा होती, आणि ती काही शेकड्यांतली होती. १९०६च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या वर भरली होती. त्या शहरात खास ज्युरीला लायक माणसं एवढीच! आणि त्या मोजक्या नावांत युरोपियन पेढ्यांचे, बँकांचे आणि जहाज कंपन्यांचे लोक त्यांच्या लोकसंख्येच्या किती तरी पट अधिक.

टिळकांवरचा खटला उभा राहताच सरकारच्या वतीने बॅरिस्टर ब्रॅन्सन यांनी खास ज्युरीची मागणी केली. टिळकांतर्फे जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला. माझगावचा हा माणूस मराठी मुलखाला पुढे काका बॅप्टिस्टा म्हणून माहीत झाला. त्या दिवशी त्यांनी मांडलेला मुद्दा आजही वाचावा असा आहे. लेख मराठीत आहेत, ‘केसरी’त आलेले आहेत, मराठी वाचकासाठी लिहिलेले आहेत. त्यांतल्या शब्दांचा राजद्रोही अर्थ निघतो की नाही, हे ज्याला मराठी येतं त्यालाच कळणार. खास ज्युरी म्हणजे बहुतेक युरोपियन, म्हणजे मराठी न जाणणारे. दावरांनी अर्ज मंजूर केला. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून त्यांनी तो मिळवला होता. अकरा वर्षांनी माणूस तोच होता, फक्त आसन बदललं होतं.

भाषेच्या मुद्द्यावर कायद्यात काय होतं ते मुद्दाम सांगतो, कारण इथे यादीची खरी ताकद दिसते. ज्युरीतल्या माणसाला पुराव्याची भाषा कळत नसेल तर त्याच्यावर हरकत घेता येत होती. नियम शहाणपणाचा आहे. पण त्यालाच पुढे पुस्ती जोडलेली होती: पुराव्याचा तर्जुमा होत असेल, तर तर्जुम्याची भाषा येणं पुरे. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांचं सरकारी दुभाष्यांनी इंग्रजी केलं होतं. ज्युरीला इंग्रजी येत होतं. हरकत संपली. म्हणून टिळकांना आपल्या भाषणाचा मोठा भाग तर्जुम्याच्या चुका दाखवण्यात घालवावा लागला. सहा दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक ते बोलले. कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द लावला, तो किती जहाल आहे, मुळातला किती मवाळ आहे, हे ते मराठी न जाणणाऱ्या सात जणांना समजावत होते. इंग्लंडात ज्युरीनेच छापखान्याचं स्वातंत्र्य कसं राखलं याचे दाखले त्यांनी दिले, आणि तुम्हीही तसंच करा असं सांगितलं. मला हे फार हृद्य वाटतं. संस्थेवर त्यांचा विश्वास होता. यादी त्यांच्या हातात नव्हती.

१८९७च्या खटल्यातही निकाल सहा विरुद्ध तीन असाच फाटला होता. सहा गोऱ्यांचं मत एका बाजूला, तिघा हिंदी माणसांचं दुसऱ्या. दोन खटले, दोन ज्युऱ्या, आणि दोन्हीकडे मतांची फूट कातडीच्या रंगावरून. याला योगायोग म्हणणं मला शक्य नाही. सहा जणांचं एकमत झालं आणि न्यायाधीश त्याच्याशी सहमत असला, की निकाल पक्का होत असे. म्हणजे नवात सहा कोण बसतात, एवढं यादीने साधलं तरी पुरत होतं.

हे दुखणं १९०८चं नव्हतं. कंपनीच्या काळात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ज्युरीवर फक्त ब्रिटिश बसत. १८२६च्या ज्युरी कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या हिंदी रहिवाशांना ज्युरीवर घ्यायला मोकळीक दिली, पण आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्युरी सगळी ख्रिस्तीच हवी, अशी अट घातली. ख्रिस्ती माणसाने हिंदू-मुसलमानाचा निवाडा करावा, उलट मात्र नाही. राममोहन रॉयनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८३२ साली पार्लमेंटने ती अट काढली. अर्धशतकानंतर, युरोपियनांवरचे खटले हिंदी मॅजिस्ट्रेटांपुढे चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावरून रण माजलं. त्याची तडजोड १८८४ साली झाली ती पुन्हा ज्युरीच्याच यादीवर: हिंदी मॅजिस्ट्रेटपुढे उभ्या राहणाऱ्या युरोपियनाला अशी ज्युरी मागता येईल, जिच्यात निदान निम्मे युरोपियन किंवा अमेरिकन असतील. राज्य करणाऱ्यांना पक्कं कळलं होतं की खुर्चीवर कुणी का बसेना, ज्युरीत आपली माणसं असली की भागतं.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होणं बरोबर नाही. तमिळनाडूत उत्तरमेरूर गावी, चोळ राजा परांतकाच्या काळातला, दहाव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. गावाच्या समित्यांवरची माणसं कशी निवडायची याचे नियम त्यात कोरले आहेत. ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहायची, त्या मडक्यात घालायच्या, सगळ्यांसमोर मडकं हलवायचं आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवायची. आपण हा लेख लोकशाहीचा पुरावा म्हणून मिरवतो. मिरवावा असाच आहे तो. पण मडक्यात चिठ्ठी कुणाची पडे? ज्याची स्वतःची करपात्र जमीन आहे, स्वतःच्या जागेत घर आहे, जो वेद शिकलेला आहे, वय ठराविक मर्यादेत आहे, अशा पुरुषाची. क्लार्क ऑफ द क्राउनच्या मालमत्ता-चारित्र्य-शिक्षणाहून हे फार लांब आहे का?

आपल्याकडे निवाडा करणाऱ्या गोतसभेचं काय? वतनाच्या भांडणाचे जुने महजर, म्हणजे निवाडपत्रं, ज्यांनी वाचले असतील त्यांना माहीत आहे की निवाड्याआधी तिथे हजर मजलस लिहिलेली असते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, आणि कितीएक ठिकाणी बलुतेदारसुद्धा. कुंभार, न्हावी, महार यांच्या निशाण्या महजरावर सापडतात, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते. गावशिवेच्या तंट्यात तर महाराच्या साक्षीला मोठं वजन असे. पण तिथे बोलावणं येई ते वतनाच्या नात्याने. ज्याला वतन नाही त्याला मजलशीत जागा नाही. आणि ही सगळी माणसं वादी-प्रतिवादींना पिढ्यान् पिढ्या ओळखणारी. ज्युरीची कल्पना नेमकी उलटी आहे. तिला अनोळखी माणूस हवा असतो. निवाडा करणाऱ्याला वादाची पूर्वपीठिका माहीत नसावी, त्याला या निकालातून काही मिळायचं नसावं, आणि काम संपलं की तो आपल्या दुकानात किंवा गिरणीत परत जावा. गोतसभेहून ही कल्पना मला न्यायाच्या अधिक जवळची वाटते, पण तिच्यासाठी यादी खुली लागते.

१८९८च्या कोडाने ज्युरीची जबाबदारी टाकली ती २१ ते ६० वयाच्या पुरुषांवर. पुरुषांवर, असं स्पष्ट लिहिलं होतं. मग सुटीची भली मोठी यादी: वकील, डॉक्टर, पोलीस, न्यायाधीश, लष्करातले, टपाल आणि तारखात्यातले, धर्मोपदेशक. स्त्रिया नाहीत, वकील-डॉक्टर नाहीत, मालमत्ता नसलेला नाही, शिक्षण नसलेला नाही. उरला तो पेढीवरचा माणूस आणि कचेरीतला मोठा कारकून. बोलावणं आलं आणि गैरहजर राहिला तर दंड, पण बोलावणंच ज्याच्यापर्यंत कधी पोचायचं नाही त्याची गणती कुठेच नाही.

आता स्वातंत्र्याकडे येतो. माझी खरी तक्रार इथे आहे.

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीसाठी सुकुमार सेन यांच्या आयोगाने १७ कोटींवर नावांची मतदारयादी केली. मालमत्तेची अट नाही, शिक्षणाची नाही, पुरुष असण्याची नाही. त्या यादीचंही एक दुःख होतं. सुमारे २८ लाख स्त्रियांनी आपलं नाव सांगायला नकार दिला, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि ती नावं वगळावी लागली. तरी एवढी मोठी, एवढी खुली यादी या देशात त्याआधी कधी झाली नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा म्हणून साक्ष दिली होती. मताधिकार वापरता वापरताच माणूस राजकारण शिकतो, हा त्यांचा आग्रह होता. मताच्या बाबतीत प्रजासत्ताकाने तो मान्य केला. ज्युरीच्या बाबतीत मात्र तेच प्रजासत्ताक साहेबाची जुनी फूटपट्टी घेऊन बसलं. संसदेत कोण बसावं हे ठरवायला जो माणूस लायक, तो शेजारच्या गल्लीत झालेल्या खुनाबद्दल मत द्यायला लायक नाही! मतदारयादी आणि ज्युरीची यादी एक करून पाहावी, असा प्रयोग आपण केला नाही.

ज्युरीबद्दल आपल्या थोरांनाही ओढ नव्हती. गांधीजींनी १९३१ साली ‘यंग इंडिया’त लिहिलं की न्यायाधीशापेक्षा ज्युरी बरी, हे मला पटलेलं नाही. ज्युरीने टिळकांचं काय केलं ते पाहिलेल्या पिढीला ते पटणं अवघडच होतं. १९५८ साली मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी बंद करावी असं सुचवलं. तारीख लक्षात घ्या. नौदल अधिकारी नानावटींवरचा, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा खटला उभा राहिला त्याच्या पुढच्या वर्षी. नानावटीमुळे ज्युरी गेली, असं सिनेमे बघून आपण म्हणतो, ते खरं नाही. १९५९च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टातल्या नऊ पुरुषांनी आठ विरुद्ध एक असा निर्दोष निकाल दिला, न्यायाधीश रतिलाल मेहतांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने आणि मग १९६१ साली सुप्रीम कोर्टाने नानावटींना दोषी ठरवलं. खटल्याने ज्युरीच्या विरोधकांना एक मोठं उदाहरण दिलं. ज्युरीचा शेवट त्याआधीच ठरत आला होता, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने १ एप्रिल १९७४ पासून तो पुरा केला. त्या नऊ जणांना नानावटींची बाजू घेणाऱ्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने भारून टाकलं, असं म्हणतात. भारून टाकलंही असेल. पण मुंबईच्या कष्टकरी वस्तीतली दोन-चार बायामाणसं त्या नवात असती, तर सहानुभूती कुणाच्या वाट्याला गेली असती? याचं उत्तर आता मिळणार नाही.

आपण ज्युरी सोडली त्या सुमारासच इतर देशांत यादी खुली होत होती. इंग्लंडात घराच्या मूल्यावर बेतलेली मालमत्तेची अट १८२५पासून चालत आली होती. १९५६ साली लॉर्ड डेव्हलिन यांनी एका व्याख्यानमालेतच सांगितलं की आपली ज्युरी बहुतेक पुरुषांची, मध्यमवयीनांची आणि मध्यमवर्गीयांची आहे. त्यानंतर चौकशी समिती बसली, १९७२च्या कायद्याने मालमत्तेची अट काढली, आणि ज्युरी मतदारयादीवरून निवडली जाऊ लागली. २००३च्या कायद्याने तर वकील आणि न्यायाधीशांची सूटही गेली. वरिष्ठ न्यायाधीशाला ज्युरीचं समन्स येतं आणि तो इतर अकरा जणांबरोबर बसतो.

अमेरिकेत १९६८पर्यंत संघराज्याच्या कित्येक न्यायालयांत गावातल्या प्रतिष्ठितांना पत्रं जात: ज्युरीला योग्य अशी नावं सुचवा. प्रतिष्ठितांनी सुचवलेली माणसं कशी असणार, ते सांगायला नको. १९६८च्या कायद्याने ही रीत मोडली. ज्युरी समाजाच्या सगळ्या थरांतून, मतदारयादीवरून आणि सोडतीने. फ्लोरिडात १९६१पर्यंत आणि त्यानंतरही स्त्रीने स्वतः जाऊन नाव नोंदवलं तरच ती ज्युरीच्या यादीत येई. हजारोंच्या यादीत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुप्रीम कोर्टाने तेव्हा ते चालवून घेतलं, आणि १९७५ साली लुइझियानाच्या खटल्यात तसला नियम रद्द केला. चौदा वर्षं लागली.

कनेक्टिकटचं उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तिथल्या संघराज्य न्यायालयात १९९२ साली एका आरोपीच्या वकिलांनी तक्रार केली की ज्युरीसाठी हार्टफर्ड शहरातलं कुणी येतच नाही. चौकशी झाली. संगणकात शहराच्या नावाचा रकाना एका अक्षराने कमी पडला होता. हार्टफर्डच्या स्पेलिंगमधलं शेवटचं ‘डी’ पुढच्या रकान्यात सांडत होतं, आणि त्या रकान्यात ‘डी’चा अर्थ होता मृत. एक अख्खं शहर संगणकाने मेलेलं धरलं होतं. न्यू ब्रिटन या शेजारच्या शहराची यादीही वेगळ्या कारणाने गळाली होती. त्या भागातले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे मतदार याच दोन शहरांत राहत होते. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, हे मला जास्त टोचतं. दिवसामागून दिवस ज्युरीच्या खोलीत माणसं येत होती, बसत होती, आणि कोण येत नाही हे कुणी मोजलं नाही.

आणि जिथे मुद्दाम होतं, तिथे ते यादीनंतरच्या पायरीवर होतं. कारण न देता नाव नाकारण्याचा हक्क अमेरिकेत अजून आहे. इंग्लंडने तो १९८८ साली काढून टाकला. केंटकीच्या लुइव्हिलमध्ये बॅट्सन नावाच्या कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलाने बोलावलेल्या चारही कृष्णवर्णीयांना वगळलं. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वर्णावरून असं वगळता येणार नाही. तरी तीस वर्षांनी, २०१६ साली, जॉर्जियातल्या फॉस्टर नावाच्या आरोपीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरकारी वकिलांचे कागद पाहिले, आणि त्यांत कृष्णवर्णीय ज्युररची नावं हिरव्या रंगाने रंगवलेली सापडली. आमच्या वकीलसाहेबांना हा कागद पाहायला मिळाला असता, तर त्यांनी तो आमच्यापुढे टेबलावर ठेवला असता.

आपल्यातल्या पुष्कळांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार म्हणून नाव लागलं, की कधीतरी ज्युरीच्या समन्सचं पाकीट येतं. कित्येक राज्यांत वाहन परवान्यांच्या याद्याही जोडतात, म्हणून ग्रीन कार्डवर असलेल्या घरीही ते जातं. मग आपण नागरिक नाही, असं रीतसर कळवावं लागतं. कामाचा खोळंबा, गाडी ठेवायची कुठे, मुलं कुणाकडे ठेवायची, सुटता येईल का, असे प्रश्न फोनवर इथल्या आईवडिलांपर्यंत येतात. माझं त्यांना एवढंच सांगणं असतं की सुटायला बघू नका. ज्या खोलीत तुम्हाला बोलावलंय, त्या खोलीत येण्यासाठी कुणाकुणाला शंभर वर्षं भांडावं लागलं आहे. अडचण खरी आहे, आणि ती गरिबाची सगळ्यांत जास्त. संघराज्याच्या न्यायालयात ज्युररला दिवसाला ५० डॉलर मिळतात, कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत दुसऱ्या दिवसापासून १५. तासावर मजुरी घेणारा माणूस यात टिकत नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ साली कमी उत्पन्नाच्या ज्युररना दिवसाला १०० डॉलर देऊन पाहायला सुरुवात केली. यादीत नाव असणं पुरत नाही, यायला परवडलं पाहिजे.

भारतात ज्युरीचा एक धागा अजून शिल्लक आहे, आणि तो मुंबईतही आहे. १९३६च्या पारशी विवाह कायद्याने घटस्फोटाच्या दाव्यात समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय देतात. आधी ते सात असत, १९८८च्या दुरुस्तीनंतर पाच. त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं, त्याआधी स्थानिक पारशी समाजाला आपलं मत सांगायची संधी देतं, आणि मुदत दहा वर्षांची असते. म्हणजे इथेही यादी आहे, इथेही प्रतिष्ठा आहे, सोडतीने आलेला अनोळखी माणूस नाही.

मग या देशातल्या साध्या माणसाला फौजदारी कामात कुणी बोलावतच नाही का? बोलावतात. पंच म्हणून. झडती घ्यायची, जप्ती करायची, तर त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवावेत, असं जुन्या संहितेच्या शंभराव्या कलमात होतं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०३व्या कलमात आहे. लेखी हुकूम मिळाल्यावर सबळ कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे. ज्युरीच्या समन्सला आपल्याकडे उरलेलं हेच एक भावंड. आणि त्याची यादी? यादीच नाही. पोलीस ठाण्याजवळच्या टपरीवर जो उभा आहे तो पंच. नेहमीच्या ओळखीतला आहे तो पंच. तोच तो माणूस एकामागून एक पंचनाम्यांवर सही करतो, आणि न्यायालयांनी अशा नेहमीच्या पंचांवर किती वेळा ताशेरे ओढले आहेत ते इथल्या वकील मंडळींना सांगायला नको. लाचलुचपतीच्या सापळ्यात सरकारी नोकर पंच म्हणून आणतात, कारण तो फितूर होणार नाही असा भरवसा असतो. आणि बाकीच्या खटल्यांत पंच पिंजऱ्यात येऊन सांगतो की मी काही पाहिलं नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली. मी फौजदारी बाजूला काम केलं तोवर बचावाच्या बाजूने अशा साक्षींचा फायदा घेत आलो. आरोपी सुटला याचा आनंद होई, पण त्या पंचाची भीतीही दिसत असे. त्याला दिवसाची मजुरी बुडवून वर्षांनंतर कोर्टात उभं केलेलं असे, आणि दोन्ही बाजू त्याच्यावर डाफरत.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. चांगलं केलं. पण कॅमेरा कुणाकडे वळवायचा हे ठरवणारा हात तोच राहिला, आणि पंच निवडणारा हातही तोच. कलमातल्या ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ या अटीतून पूर्वीच्या मालमत्ता-चारित्र्य-शिक्षणाचा वास अजून गेलेला नाही. प्रतिष्ठा कोण मोजणार, हे कुठेच सांगितलेलं नाही, म्हणून ती ठाणे अंमलदार मोजतो.

माझी सूचना साधी आहे, आणि कलमाच्या शब्दाला हात न लावता करून पाहता येईल अशी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या मतदारयादीतून दरवर्षी सोडतीने काही नावं काढावीत. सोडत पोलिसांनी काढू नये, तालुक्याच्या न्यायालयाने काढावी, दिवसाढवळ्या. यादी न्यायालयाच्या फलकावर लावावी. स्त्री आणि पुरुष, चाळीतले आणि बंगल्यातले, सगळी नावं एकाच ओळीत. पंचाची गरज पडली की त्या यादीतून क्रमाने बोलवावं. एकदा येऊन गेलेल्याला त्या वर्षी पुन्हा बोलवू नये. सहीला एक दिवस आणि साक्षीला एक दिवस, दोन्हीचा भत्ता त्या दिवशीच्या मजुरीइतका असावा आणि तो हातात मिळावा, वर्षभर हेलपाटे घालून नव्हे. मालकाने त्या दिवसाचा पगार कापू नये. एखाद्या तालुक्यात हे वर्षभर करून पाहावं, आणि वर्षाअखेर यादीतल्या कोणत्या गल्लीतून, कोणत्या वस्तीतून कुणी आलं नाही, ते मोजावं.